शब्द कुठे तोडावा? : नॉर्वेतील लेखन आणि उच्चार यांचा इतिहास



बडोद्यातल्या मराठी श्रोत्यांपुढे नॉर्वे या देशाच्या भाषेविषयी बोलायचे, तर आधी थोडा खुलासा केला पाहिजे. मराठीच्या अभ्यासाशी त्या देशाचा एक सरळ धागा आहे, आणि तो बहुधा आपल्या लक्षात राहिलेला नाही. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या देखरेखीखाली भारतातील भाषांची जी प्रचंड पाहणी झाली, तिचा सातवा खंड मराठीचा. तो १९०५ साली प्रसिद्ध झाला. ग्रियर्सन यांच्यासाठी या खंडाचे काम केले स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने. १९०१ साली राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'ची चिकित्सक आवृत्ती हार्वर्डच्या ग्रंथमालेत काढणारे कोनो ते हेच. पुढे १९०६ ते १९०८ या काळात हिंदुस्थान सरकारचे पुराभिलेखतज्ज्ञ म्हणून ते इकडे येऊन राहिले. त्यांच्या मराठी खंडातील वर्गीकरणावर, विशेषतः कोकणीला मराठीची बोली मानण्यावर, नंतर पुष्कळ वाद झाले. तो आजचा विषय नाही. आजचा प्रश्न निराळा आहे. आपल्या बोली कागदावर उतरवणारा हा मनुष्य कोणत्या देशातून आला होता? तिथे भाषेचे काय चालले होते?

१९०५ हेच साल नॉर्वेच्या इतिहासातही ठळक आहे. त्या वर्षी ७ जूनला नॉर्वेच्या संसदेने स्वीडनशी असलेला संयोग संपल्याचे जाहीर केले. पुढे दोनच वर्षांत, १९०७ साली, त्या देशाने आपल्या लेखनाची पहिली मोठी सुधारणा केली. म्हणजे कोनो मराठीच्या बोलींचे नमुने जुळवत होते, तेव्हा त्यांच्या मायदेशी 'आपण बोलतो ते लिहायचे कसे' हा राष्ट्रीय प्रश्न होऊन बसला होता. त्या प्रश्नाच्या मुळाशी वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या दोन गोष्टी आहेत. शब्दाची अक्षरे कुठे तुटतात, आणि जोडशब्दात आघात कुठे पडतो. या दोन गोष्टींच्या आधाराने नॉर्वेचा भाषिक इतिहास सांगण्याचा माझा प्रयत्न आहे.

प्रथम दोन शब्द घेऊ. नॉर्वेजियनमध्ये 'शेतकरी' या शब्दाचे अनेकवचन आणि 'शेंगांतले दाणे' या शब्दाचे अनेकवचन कानाला जवळजवळ सारखेच ऐकू येते, 'ब्योन्नर'. व्यंजने तीच, स्वर तेच. फरक फक्त सुराचा. ऑस्लोच्या बाजूला पहिला शब्द म्हणताना आवाज खालून सुरू होऊन वर चढतो. दुसरा म्हणताना तो वरून सुरू होतो, खाली येतो आणि पुन्हा चढतो. केवळ सुराने वेगळ्या होणाऱ्या अशा शब्दजोड्या पूर्व नॉर्वेच्या बोलीत दोन हजारांहून अधिक नोंदलेल्या आहेत. वाक्याच्या ओघात हे सूर गुंफले जातात आणि परक्या माणसाला ती भाषा गायल्यासारखी वाटते.

हे दोन सूर आले कुठून? त्याचे उत्तर अक्षरांच्या मोजणीत आहे. सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या जुन्या नॉर्स भाषेत 'शेतकरी' या अर्थाचा अनेकवचनी शब्द एकाच अक्षराचा होता, 'बेन्द्‌र्'. 'दाणे' या अर्थाचा शब्द दोन अक्षरांचा होता, 'बाउनिर'. पुढे पहिल्या शब्दाच्या शेवटी द् आणि र् यांच्यामध्ये एक स्वर शिरला आणि तोही दोन अक्षरांचा झाला. पण सूर मात्र एका अक्षराच्या शब्दाचाच राहिला. तसेच 'दागेन', म्हणजे 'तो दिवस', आणि 'दागेर', म्हणजे 'अनेक दिवस'. आज दोन्ही दोन अक्षरांचे आहेत, पण सूर वेगळे. कारण 'दागेन' हा मुळात दोन सुट्या शब्दांचा मिलाफ आहे. 'दाग' म्हणजे दिवस, आणि त्यामागे 'तो' हे दर्शक पद नंतर येऊन चिकटले. 'दागेर' मात्र पहिल्यापासून दोन अक्षरांचाच होता.

याचा अर्थ असा की कुठल्या शब्दात एके काळी किती अक्षरे होती आणि कुठला तुकडा मागून जोडला गेला, याची नोंद आजच्या नॉर्वेजियन माणसाच्या गळ्यात आहे. त्याला ती माहीत नसते. तो फक्त घरी ऐकले तसे बोलतो. नॉर्वेजियन लिपीत हा सूर आजतागायत लिहिला जात नाही. लिखित पुराव्याशिवाय आठ शतके टिकलेली अशी ही नोंद आहे.

आता आघाताकडे वळू, आणि इथे आपल्या संस्कृत परंपरेचा खरा संबंध येतो. नॉर्वेजियन, स्वीडिश, डॅनिश, जर्मन, इंग्रजी या सगळ्या जर्मानिक कुळातल्या भाषा. या भाषांच्या मूळच्या शब्दांत आघात बहुधा पहिल्या अक्षरावर असतो. पण तो पहिल्यापासून तिथे नव्हता. हे सिद्ध केले कार्ल व्हर्नर या डॅनिश भाषावैज्ञानिकाने, १८७० च्या दशकात, आणि त्यासाठी त्याने वैदिक स्वरांची साक्ष काढली. जर्मनमध्ये बापाला 'फाटर' म्हणतात आणि भावाला 'ब्रूडर'. संस्कृतात दोन्हीकडे 'त' आहे, पिता आणि भ्राता. मग जर्मनमध्ये एकीकडे 'ट' आणि एकीकडे 'ड' का? व्हर्नरने दाखवले की वेदात 'पिता' या शब्दाचा उदात्त शेवटच्या अक्षरावर आहे आणि 'भ्राता' याचा पहिल्या. जर्मानिक भाषांच्या अतिप्राचीन अवस्थेतही आघात असाच फिरता होता. व्यंजन कसे बदलणार हे त्याच्या जागेवरून ठरले, आणि मग आघात पहिल्या अक्षरावर येऊन कायमचा बसला. वेदपाठी ब्राह्मणांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला उदात्त उत्तर युरोपातल्या भाषांचे कोडे सोडवायला असा उपयोगी पडला.

आघात पहिल्या अक्षरावर बसल्याचे दोन परिणाम झाले. एक, पुढची अक्षरे दुबळी होऊन झिजू लागली. दुसरा, शब्दाआधी येणारे निराघात उपसर्ग जुन्या नॉर्समध्ये जवळजवळ सगळे गळून पडले. जोडशब्दात पहिल्या पदाला मुख्य आघात आणि दुसऱ्याला गौण, असा कायदा होऊन बसला. सगळ्या जोडशब्दावर सूर मात्र एकच. 'स्तूर बी' असे दोन शब्द म्हटले तर 'मोठे शहर', आणि दोन्ही शब्दांवर आघात. 'स्तूर्बी' असा एक शब्द म्हटला तर 'महानगर', आणि मुख्य आघात फक्त पहिल्या पदावर. आपल्याकडे 'काळी रात्र' आणि 'काळरात्र' यांत, किंवा 'पांढरा पेशा' आणि 'पांढरपेशा' यांत जो फरक आहे, तो आपण शब्दाचे रूप बदलून दाखवतो. नॉर्वेजियन माणूस तो आघाताने दाखवतो.

हा झिजण्याचा क्रम गावांच्या नावांत फार चांगला दिसतो. बर्गन या शहराचे जुने नाव ब्योर्गविन. 'ब्योर्ग' म्हणजे डोंगर आणि 'विन' म्हणजे कुरण. दुसऱ्या पदावरचा जोर कमी होत होत 'विन' या शब्दाचा नुसता 'न' उरला. देशाचे नाव 'नोर्गे' हेसुद्धा बहुतेक अभ्यासकांच्या मते असाच झिजलेला जोडशब्द आहे, 'उत्तरेकडची वाट'. इतिहासकार उलुफ रीग यांनी शेतवाड्यांच्या नावांचा जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्याचे खंड १८९७ पासून निघू लागले. नावाचे जुन्या कागदपत्रांतले रूप देऊन ते थांबले नाहीत. स्थानिक लोक ते नाव कसे उच्चारतात, हेही त्यांनी नोंदवले. कारण कारकुनाने लिहिलेले नाव पुष्कळदा चुकीचे असे आणि गुराख्याच्या तोंडचे बरोबर.

कारकुनाचे नाव चुकीचे का असे, हे समजायला राजकीय इतिहास पाहिला पाहिजे. १३८० साली नॉर्वे आणि डेन्मार्क यांचे राजपद एकत्र आले. १५३६ साली नॉर्वेचे उरलेसुरले वेगळेपणही संपले. त्याच सुमारास धर्मसुधारणा झाली आणि बायबल आले ते डॅनिश भाषेत. १६४३ पर्यंत नॉर्वेत छापखाना नव्हता आणि १८११ पर्यंत विद्यापीठ नव्हते. पुस्तक यायचे ते कोपनहेगनहून. १७३६ साली प्रत्येक मुलामुलीला ख्रिस्ती धर्मदीक्षेची परीक्षा सक्तीची झाली आणि त्यामागोमाग १७३९ साली खेड्यापाड्यांतून शाळांचा हुकूम निघाला. त्यामुळे शेतकऱ्यांची मुले वाचायला शिकली, पण वाचायला शिकली ती डॅनिश.

दुसरीकडे बर्गनच्या बंदरात चौदाव्या शतकापासून हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांची पेढी होती. ती अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. त्यांच्या आणि उत्तर जर्मनीशी झालेल्या व्यवहाराच्या वाटेने शेकडो शब्द आले. त्यांतल्या काहींच्या अंगावर 'बे' आणि 'फोर' हे निराघात उपसर्ग होते. 'बेताले' म्हणजे पैसे देणे, 'बेयिन्ने' म्हणजे सुरू करणे. या शब्दांत आघात दुसऱ्या अक्षरावर पडतो. पहिल्या अक्षरावर जोर देणाऱ्या भाषेत असा शब्द आला की त्याचे परकेपण त्याच्या चालीतच ऐकू येते.

अशी चारशे वर्षे गेली. सुशिक्षित माणूस लिहीत असे डॅनिश. बोलताना मात्र डॅनिश शब्दांना नॉर्वेजियन व्यंजने आणि नॉर्वेजियन सूर चढत. लिहायचे 'गाडे', म्हणायचे 'गाते'. अर्थ रस्ता. लिहायचे 'कागे', म्हणायचे 'काके'. अर्थ केक. खेड्यात तर डॅनिशचा संबंध चर्चमधल्या पुस्तकापुरताच. लेखणी कोपनहेगनची आणि जीभ आपल्या खोऱ्याची, असा संसार चालला होता.

१८१४ साली नेपोलियनच्या युद्धातल्या पराभवामुळे डेन्मार्कला नॉर्वे सोडावा लागला. त्या वर्षी १७ मे रोजी आइड्सवोल येथे राज्यघटना मंजूर झाली. वर्ष संपण्याआधी स्वीडनशी संयोग झाला, पण देशाला स्वतःची संसद मिळाली. घटना होती, संसद होती, विद्यापीठ होते. फक्त ती घटना ज्या भाषेत लिहिली ती डॅनिश होती. मग लिहायचे कशात?

या प्रश्नाला दोन माणसांनी दोन उत्तरे दिली. दोघांच्या वयात एका वर्षाचे अंतर होते. क्नूड क्नूडसेन हे १८१२ सालचे, शाळामास्तर. ईवार ओसेन हे १८१३ सालचे, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका शेतकऱ्याचे चिरंजीव, जवळजवळ स्वशिक्षित.

क्नूडसेन यांचे म्हणणे असे : शहरातला सुशिक्षित माणूस घरात जसे सहज बोलतो, तसे लिहावे. डॅनिश लेखन एकदम टाकू नये, त्यात एकेक दुरुस्ती करत जावे. परक्या शब्दांच्या जागी घरचे शब्द आणावेत, नसतील तर जोडशब्द घडवावेत. १८८१ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या जाड कोशाचे नावच 'अनॉर्वेजियन आणि नॉर्वेजियन' असे आहे. बडोद्याच्या श्रोत्यांना अशा उद्योगाची ओळख नव्याने करून द्यायला नको. राज्यकारभारातल्या शब्दांना देशी भाषांतले प्रतिशब्द देणारा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' १९३१ साली इथेच निघाला. परक्या शब्दाला घरचा जोडशब्द उभा करणे ही वाट दोन्हीकडे सारखीच आहे.

ओसेन यांचे उत्तर वेगळे होते. शहराची बोली डॅनिशने भिजलेली आहे. खरी भाषा खोऱ्याखोऱ्यांतून आहे, ती आधी गोळा केली पाहिजे. ट्रॉन्डहाइमच्या विज्ञानसंस्थेची मदत मिळवून १८४२ पासून चार वर्षे ते देशभर हिंडले, बहुतेक पायी. १८४८ साली त्यांचे लोकभाषेचे व्याकरण आले आणि १८५० साली कोश. १८५३ साली त्यांनी या सगळ्या बोलींना सामावेल अशा लेखनाचे नमुने प्रसिद्ध केले. पुढे १८६४ साली व्याकरणाची आणि १८७३ साली कोशाची विस्तारित आवृत्ती निघाली. दोन सुरांची दखल ओसेन यांच्या व्याकरणात आहे. निराघात 'बे' घेऊन आलेले शब्द ते होता होईल तो टाळत. ज्या शब्दाची चाल आपल्या गळ्याला मूळची नाही तो शब्द आपल्या जुन्या घरातला नव्हे, ही त्यांची कसोटी.

ओसेन यांच्या लेखनातला एक विचार विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. जोडशब्द जिथे झिजला आहे, तिथे पदे पुन्हा ओळखू येतील असे लिहावे, मग वाचणाऱ्याने आपल्या खोऱ्याच्या उच्चाराप्रमाणे ते वाचावे. म्हणजे लेखन सर्वांचे एक, उच्चार ज्याचा त्याचा. क्नूडसेन यांचा आग्रह उलट होता, लेखन उच्चारामागे जावे. प्रश्न असा की, कोणाच्या उच्चारामागे? दोघांच्या वादाचे मर्म हे आहे.

१२ मे १८८५ रोजी संसदेने दोन्ही लेखनपद्धतींना समान दर्जा दिला. ओसेन यांच्या परंपरेतली भाषा पुढे 'नीनोर्स्क' झाली आणि क्नूडसेन यांच्या वाटेने आलेली 'बूकमोल'. ही नावे अधिकृत झाली १९२९ साली. १९०७ च्या सुधारणेने 'गाडे' जाऊन 'गाते' कागदावर आले. १९१७ साली दोन्ही लेखनांची सुधारणा झाली. १९३८ साली दोघांना जवळ आणून कालांतराने एकच भाषा करण्याच्या हेतूने आणखी एक झाली. एका माणसाच्या आयुष्यात तीन वेळा शुद्धलेखन बदलले.

आता व्याख्यानाच्या शीर्षकातल्या प्रश्नाकडे येतो. छापताना ओळ संपली तर शब्द कुठे तोडावा? आपल्या देवनागरीत अक्षर हाच घटक असल्याने हा प्रश्न आपल्याला फारसा छळत नाही. रोमन लिपीत व्यंजने सुटी असतात, त्यामुळे नियम लागतो. नॉर्वेजियनमध्ये साध्या शब्दाचा नियम कानाशी जुळतो : मधल्या व्यंजनांपैकी शेवटचे एक पुढच्या ओळीवर न्यावे. पण शब्द जोडशब्द असेल तर हा नियम बाजूला ठेवून पदांच्या सांध्यावर तोडणे हीच शिस्त मानली जाते. म्हणजे छापखान्यातल्या जुळाऱ्याला व्युत्पत्ती यावी लागते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुधारणांनी यात एक गंमत घातली. ऱ्हस्व स्वरानंतरचे व्यंजन शब्दाच्या शेवटीही दुहेरी लिहायचे ठरले. रात्र या अर्थाच्या 'नात' या शब्दाला दोन 'त' आले. आता 'नात्त' आणि 'तोग', म्हणजे रात्र आणि आगगाडी, यांचा जोडशब्द केला तर तीन 'त' येतात. तीन सारखी व्यंजने एकापुढे एक लिहायची नाहीत असा नियम असल्याने एक गाळून 'नात्तोग' लिहितात. पण हाच शब्द ओळीच्या शेवटी तोडायची वेळ आली की गाळलेला 'त' परत येतो. 'नात्त' वरच्या ओळीत आणि 'तोग' खालच्या. फुटबॉलच्या संघाला 'फूत्बाल्लाग' म्हणतात. तिथेही तीन 'ल'चे दोन होतात आणि तोडताना पुन्हा तीन. गाळलेले व्यंजन कागदावर नसले तरी लिहिणाऱ्याच्या मनात असते.

डोळा फसण्याची उदाहरणे तर रोजची. मोटारीच्या सुट्या भागांना 'बील-देलर' म्हणतात. अक्षरे सलग लिहिली की पहिल्या पाच अक्षरांत 'चित्र' या अर्थाचा शब्द दिसतो आणि उरलेल्या तीन अक्षरांचा अर्थ 'हसतो'. वाचणारा क्षणभर अडखळतो. ऐकणारा कधीच अडखळत नाही, कारण आघात आणि स्वराची लांबी त्याला सांधा दाखवून देतात.

उलट चूक आज अधिक होते. जोडशब्द सलग न लिहिता सुटा लिहिण्याची सवय वाढली आहे, आणि तिचे एक कारण इंग्रजीचे वळण असे सांगतात. 'धूम्रपानमुक्त' या अर्थाचा एक शब्द फलकावर तोडून लिहिला की त्याचा अर्थ 'खुशाल धूम्रपान करा' असा होतो. अननसाच्या चकत्यांच्या डब्यावर शब्द तोडला की 'अननस फोन करतो' असे वाक्य तयार होते. नॉर्वेजियन लोक यावर हसतात आणि शिक्षक वैतागतात. आपल्याला यात नवल वाटू नये. पतंजलींच्या महाभाष्याच्या आरंभीच 'इंद्रशत्रु' या सामासिक शब्दाचे उदाहरण आहे. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता, म्हणजे तत्पुरुष. उदात्त पाहिजे होता शेवटी, पडला पहिल्या पदावर, आणि समास झाला बहुव्रीही : इंद्र ज्याचा मारणारा, तो. वृत्र इंद्राच्या हातून मेला. समासातला आघात चुकला तर अर्थ उलटतो, हे आपल्या वैयाकरणांनी फार आधी सांगून ठेवले आहे. मराठीच्या आजच्या लेखननियमांतही त्याचा एक अंश आहे. सुटा लिहिताना 'बुद्धी' दीर्घ, पण समासात 'बुद्धिवैभव' ऱ्हस्व. समासात पदाचे मूळ रूप जागे होते.

जोडशब्दावरून नॉर्वेत रण माजल्याचे दोन प्रसंग सांगतो. ट्रॉन्डहाइम शहराचे नाव डॅनिश वळणाने 'त्रोन्द्‌येम' असे लिहिले जाई. उत्तरपद तेच, 'घर' या अर्थाचे, फक्त रूप डॅनिश. संसदेने १९३० च्या आरंभापासून मध्ययुगीन नाव 'निदारोस' लागू केले. गावकऱ्यांना ते नको होते. त्यांनी आधीच आपले मत नोंदवले होते. निदर्शने झाली, आणि १९३१ साली नाव बदलून 'ट्रॉन्डहाइम' झाले. पहिले पद गावाचे राहिले, दुसऱ्या पदाचे रूप जुन्या नॉर्सच्या वळणाचे आले. पुष्कळ जुने गावकरी मात्र बोलताना आपलेच रूप वापरत राहिले.

दुसरा प्रसंग आकड्यांचा. नॉर्वेत पूर्वी 'पाच-आणि-वीस' म्हणत, आपण 'पंचवीस' म्हणतो त्याच क्रमाने. दूरध्वनी खात्याला आकडे सांगता-ऐकताना चुका होतात असे वाटले. त्यांच्या मागणीवरून १९५१ च्या जुलैपासून 'वीस-पाच' असा उलटा क्रम सरकारी झाला. शाळा आणि नभोवाणी यांनी तो स्वीकारला. घरांत मात्र जुना क्रम दोन पिढ्या पुरून उरला आणि अजूनही ऐकू येतो.

त्याच दशकात दोन भाषांची एक करण्याच्या धोरणाविरुद्ध पालकांची चळवळ झाली. आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांतले नवे शब्द पालक पेनाने खोडून जुने लिहू लागले. सुमारे चार लाख सह्या गोळा झाल्या. अखेर २००२ साली संसदेने एकीकरणाचे ते धोरण अधिकृतपणे सोडून दिले. आज दोन्ही लेखनपद्धती नांदतात. नीनोर्स्क लिहिणारे संख्येने बरेच कमी, तरी कायद्याने त्यांना संरक्षण आहे. नागरिक ज्या रूपात पत्र लिहील त्या रूपात सरकारी कचेरीने उत्तर द्यावे, या तत्त्वाचा कायदा १९३० पासूनचा आहे.

पण माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा ठराव याहून जुना आणि आकाराने फार लहान आहे. १८७८ साली नॉर्वेच्या संसदेने ठरवले की, खेड्यातल्या शाळांत शिकवणे होता होईल तो मुलांच्या स्वतःच्या बोलीत व्हावे. त्यातून पुढे अशी परंपरा रुजली की शिक्षकाने मुलाचे लेखन तपासावे, उच्चार तपासू नये. नॉर्वेत आजही उच्चाराचे एकच सरकारी प्रमाण नाही. मंत्री आपल्या खोऱ्याच्या बोलीत संसदेत बोलतो, प्राध्यापक आपल्या बेटाच्या बोलीत शिकवतो. युहान स्तोर्म यांनी १८७० च्या दशकात या सुरांचे शास्त्रशुद्ध वर्णन केले आणि १८८४ साली बोली टिपण्यासाठी खास लिपी तयार केली. बोलीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी दोष शोधणाऱ्याची नव्हती, ऐकून घेणाऱ्याची होती. स्टेन कोनो घडले ते अशा वातावरणाच्या देशात. मराठीच्या लहानसहान बोलींचे नमुने एका परदेशी पंडिताने इतक्या बारकाईने जुळवले, याचे आपल्याला नवल वाटते. तो कुठून आला हे पाहिले की ते नवल थोडे कमी होते.

या इतिहासाचा निष्कर्ष मी असा काढतो. नॉर्वेजियन लोकांनी लेखनाला नियम लावले, ते तीन-चारदा बदलले, त्यावरून कडाक्याने भांडले. पण जिभेला नियम लावला नाही. म्हणून 'ब्योन्नर' या शब्दाचे आठशे वर्षांपूर्वीचे एक अक्षर आजही ऐकू येते. शहरातल्या सुशिक्षितांचा उच्चार शाळेने सक्तीचा केला असता, तर ओसेन ज्या खोऱ्यांतून हिंडले तिथे आज काही ऐकायला उरले नसते.

श्रोतेहो, हा देश लहान आहे, त्याची परिस्थिती आपली नव्हे. तिथे भाषेला राज्य मिळाले. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद इथल्या मराठीला ते आता मिळायचे नाही, आणि तिची ती मागणीही नाही. तरी एक गोष्ट आपल्या हातात आहे. दोनशे-अडीचशे वर्षे इथे नांदलेल्या घरांत मराठीचे जे वळण तयार झाले, त्यात गुजरातीची, हिंदीची, कन्नडची किंवा तेलुगूची सावली आहे, तशीच स्थलांतराच्या काळातली जुनी मराठीही कुठे कुठे शिल्लक असणार. आपण मात्र मुलांना सांगतो, 'असे नाही, पुण्यात असे म्हणतात.' लेखनापुरते ते ठीक आहे. महामंडळाचे नियम १९६२ पासून सर्वांचे आहेत आणि आपण ते पाळावेत, कारण सीमेबाहेरच्या माणसाला एका लेखनाचा आधार घरच्या माणसापेक्षा जास्त लागतो. परंतु आजीच्या तोंडचा शब्द, तिचा हेल, जोडशब्द म्हणताना ती जिथे थांबते ती जागा, ही चूक नव्हे. ती नोंद आहे, आणि ती फक्त तिच्याच तोंडी आहे.

ओसेन यांच्याजवळ वही होती. आज घरोघर मोबाइल आहे आणि त्यात आवाज टिपण्याची सोय आहे. आपल्या संस्थेने ठरवले तर या शहरातल्या सत्तरीपुढच्या मंडळींचे बोलणे, पाककृती, लग्नातल्या रीती, गल्ल्यांची नावे, भांडणेसुद्धा, एका वर्षात टिपून ठेवता येतील. त्यात शुद्ध काय आणि अशुद्ध काय हे आज ठरवायची गरज नाही. कुठले अक्षर कुठून आले हे पुढचा अभ्यासक पाहील. त्याला ऐकायला काहीतरी मिळाले पाहिजे, एवढीच जबाबदारी आपली.